आईचं जेवण एकत्र वाटून देतात, काय सांगू?

आई ७८ वर्षांची, वृद्धाश्रमात असते. कवळी सैल झाल्यापासून तिला भात, भाजी, आमटी एकत्र मिक्सरमधून काढून देतात. करड्या रंगाचा तो गोळा बघून ती ताट सरकवते. वजन ५२ वरून ४८ किलोवर आलंय. संध्याकाळी साडेसहाला जेवण, मग थेट सकाळी साडेआठला नाश्ता. माणसं मायाळू आहेत, त्यांना दुखवायचं नाही.

निवृत्त परिचारिका: आधी कवळी दंतवैद्याकडून नीट बसवून घ्या. पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर गिळण्याची तपासणी हवीच. तोवर ताठ बसवूनच भरवायचं. ठसका नसेल तर वाटायची गरज काय? मऊ भात, घट्ट वरण, शिजवून घोटलेला दुधी, सगळं वेगवेगळं वाढू दे. या वयात किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आईंना पन्नासेक. पातळ आमटीतून ती भागत नाहीत. अंडं खात असतील तर एकातून सहा ग्रॅम मिळतात. नाहीतर दही, पनीर, मुगाचं धिरडं.

सांगलीकर: चौदा तास उपाशी? मधुमेहाची गोळी चालू असेल तर रात्री साखर उतरू शकते हो! नऊला कपभर दूध किंवा नाचणीची आंबील मागा. दर महिन्याला वजनाची नोंदही लिहायला सांगा.

प्रश्नकर्ती: ठसका नाही, मधुमेहही नाही. रविवारी स्वयंपाकाच्या मावशींशीच बोलते. आईला मेतकूट-भात फार आवडतो, डबा भरून नेते.