मदत हवी आहे: आयकर परताव्याच्या खोट्या मेलमधल्या फॉर्मात कार्डाची माहिती भरली गेली, ओटीपी दिलेला नाही

केतकी_

माझ्या बाबांच्या (वय ७१) जीमेलवर आज सकाळी एक मेल आला आहे. तपशील देते.

पाठवणाऱ्याच्या जागी 'इन्कम टॅक्स डिपार्टमेंट' असं नाव. आत अशोकस्तंभ, बाबांच्या पॅनचे शेवटचे चार वर्ण (बरोबर आहेत), परताव्याची रक्कम १८,४५० रुपये आणि '४८ तासांत खात्याची पडताळणी न केल्यास परतावा रद्द होईल' ही ओळ. भाषा शुद्ध इंग्रजी, एकही चूक नाही. सोबत एचटीएमएल फाइल. ती लॅपटॉपवर उघडली की ई-फायलिंग पोर्टलसारखं हुबेहूब पान येतं.

त्यात भरलं गेलेलं: पॅन, जन्मतारीख, मोबाइल, बँक खाते क्रमांक, डेबिट कार्डाचा १६ आकडी नंबर, मुदत आणि मागचा सीव्हीव्ही. मग फोनवर ओटीपी आला. तो टाकायच्या आत बाबांना शंका आली आणि पान बंद केलं. खात्यातून अजून काही गेलेलं नाही. हे होऊन सुमारे तासभर झालाय.

प्रश्न असे:
१. ओटीपी दिलेला नाही, तर कार्ड बंद करायलाच हवं का? पेन्शन याच खात्यात येते आणि पैसे याच कार्डाने काढले जातात.
२. बाबांचा परतावा खरंच यायचा आहे. मग खरा मेल आणि खोटा मेल ओळखायचा कसा?
३. दुपारपासून स्पॅम एकदम वाढलाय. त्याचं काय करायचं?

---

कळफलक

केतकीताई, पुढचं वाचायच्या आधी कार्ड बंद करा.

ओटीपी दिला नाही म्हणजे कार्ड सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. भारतातल्या दुकानांना ऑनलाइन व्यवहारात ओटीपीसारखी दुसरी पायरी घ्यावीच लागते. परदेशातल्या कित्येक साइट मात्र नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरच पैसे घेतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असतील तर ओटीपी न येताच रक्कम जाऊ शकते, तीही कित्येकदा दोन-चार दिवसांनी, मध्यरात्री.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'तात्पुरतं लॉक' आणि 'हॉटलिस्ट' किंवा 'कायमचं ब्लॉक' असे दोन पर्याय दिसतील. आधी लॉक करा, ते दहा सेकंदांत होतं. पण तेवढ्यावर थांबू नका. लॉक काढलं की तोच नंबर पुन्हा चालू होतो आणि तो नंबर आता चोरांच्या यादीत आहे. हॉटलिस्ट करून नव्या नंबरचं कार्ड मागवा. अ‍ॅप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच फोन करा. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात.

तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा आणि तेच बँकेला ईमेलनेही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या अंगावर येतं, कळवल्यानंतरचं बँकेच्या. म्हणून कळवल्याच्या वेळेचा लेखी पुरावा हवा.

पैसे काढण्याची काळजी नको. शाखेत विड्रॉवल स्लिप चालते. बाबांचं यूपीआय आधीपासून चालू असेल तर कार्ड बंद झालं तरी ते चालू राहतं आणि बऱ्याच एटीएमवर यूपीआयने, कार्डाशिवाय रोख निघते. खातं बंद करायचीही गरज नाही. नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी माहीत असून कोणाला पैसे काढता येत नाहीत.

बाबांच्या मोबाइलचं नेटवर्क अचानक गेलं आणि बराच वेळ आलं नाही तर त्याला साधा बिघाड समजू नका. चोराने बाबांच्याच नंबरचं नवं सिम काढून घेण्याचा प्रयत्न असू शकतो, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जातील. लगेच मोबाइल कंपनीला दुसऱ्या फोनवरून विचारा.

---

सांजवारा

असे मेल ओळखणं सोपं असतं. स्पेलिंगच्या चुका, वेडंवाकडं व्याकरण, 'डिअर कस्टमर' आणि पानावर कुलुपाचं चिन्ह नसणं. हे चार बघितलं की कळतं.

---

कळफलक

सांजवारा, ही यादी आता उलटी घातक ठरते, म्हणून स्पष्ट लिहितो. केतकीताईंच्या मेलमध्ये भाषेची एकही चूक नाही. एआयने कोणीही शुद्ध इंग्रजी, हिंदी, मराठी लिहून घेतो. नाव, पॅन, मोबाइल ही माहिती फुटलेल्या याद्यांमधून मिळते, त्यामुळे 'माझा पॅन त्यांना माहीत आहे' हा खरेपणाचा पुरावा नाही. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जाणारी माहिती वाटेत वाचता येत नाही. साइट कोणाची आहे ते कुलूप सांगत नाही, आणि चोरालाही कुलूप फुकट मिळतं.

एचटीएमएल फाइल जोडण्याचं कारणही हेच. लिंक दिली तर जीमेल किंवा ब्राउझर तिला धोकादायक यादीत टाकू शकतो. फाइल मात्र तुमच्याच लॅपटॉपवरून उघडते, अ‍ॅड्रेस बारमध्ये साइटचा पत्ता नसतोच, फाइलचा मार्ग दिसतो, आणि 'पुढे जा' दाबलं की आतली माहिती तिसऱ्याच सर्व्हरकडे जाते. बँक किंवा सरकारी खातं माहिती भरायला एचटीएमएल फाइल पाठवत नाही. तशी फाइल दिसली की पुढे काही तपासायची गरजच उरत नाही.

---

जमाखर्च

दुसऱ्या प्रश्नाचं करासंबंधीचं उत्तर देतो.

परतावा मिळवण्यासाठी कार्ड कधीच लागत नाही. तो पोर्टलवर आधीच पडताळलेल्या, म्हणजे प्री-व्हॅलिडेट केलेल्या खात्यातच जमा होतो. आयकर विभाग मेलमधून पिन, पासवर्ड, कार्ड नंबर मागत नाही. खात्यात गडबड असेल आणि परतावा परत गेला असेल तर आपण स्वतः पोर्टलवर लॉगिन करून 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकायची असते.

खरी सूचना कशी येते तेही सांगतो. विवरणपत्राची छाननी झाली की कलम १४३(१) ची सूचना येते. ती पासवर्ड असलेली पीडीएफ असते. पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशा आठ आकड्यांत. ती उघडून वाचायची असते, तिच्यात काही भरायचं नसतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर डिन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, 'ऑथेंटिकेट नोटीस / ऑर्डर' हा दुवा आहे. तिथे डिन आणि मोबाइल टाकून पत्र खरं आहे का ते तपासता येतं.

आज एवढं करा: ब्राउझरमध्ये पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. लॉगिन करून 'ई-फाइल' मध्ये 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' उघडा. परताव्याची खरी स्थिती तिथेच दिसेल. मग 'माय प्रोफाइल' मध्ये बँक खाती जशीच्या तशी आहेत का बघा, पासवर्ड बदला आणि 'ई-फायलिंग व्हॉल्ट' चालू करा. व्हॉल्टमुळे नुसत्या पासवर्डवर लॉगिन होत नाही. आधार ओटीपी, नेटबँकिंग किंवा डिजिटल सही अशी आणखी एक पायरी लागते.

पॅन आणि जन्मतारीख दोन्ही गेल्यामुळे दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट (नावावरच्या कर्जांची नोंद) जरूर बघा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बाबांच्या नावावर न घेतलेलं कर्ज किंवा कर्जाची चौकशी दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी हरकत घ्या.

---

केतकी_

कार्ड हॉटलिस्ट झालं, तक्रार क्रमांक मिळाला, बँकेला मेलही केला. पोर्टलवर परतावा अजून 'प्रक्रियेत' दिसतोय, म्हणजे मेल खोटाच.

एक गोष्ट मात्र कळत नाही. मेलचा मूळ तपशील उघडला तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींसमोर 'पास' लिहिलंय. खोट्या मेलला पास कसं?

---

कळफलक

इथे भलेभले फसतात, म्हणून जरा सविस्तर.

डोमेन म्हणजे मेलमध्ये @ च्या पुढे येणारं किंवा साइटचं नाव. एसपीएफ बघतं की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी त्या सर्व्हरला आहे का. डीकेआयएम बघतं की डोमेनची सही जुळते का आणि मजकूर वाटेत बदलला का. डीमार्क बघतं की 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन या दोन्हींपैकी निदान एकातल्या डोमेनशी जुळतं का. तिन्ही मिळून एवढंच सांगतात की मेल खरोखर त्या डोमेनवरूनच आला. ते डोमेन आयकर विभागाचं आहे असं त्यातलं कोणीच म्हणत नाही. चोराने स्वतःचं डोमेन विकत घेऊन नीट मांडणी केली की त्याला तिन्ही पास मिळतात. 'फेल' दिसलं तर संशय घ्या, पण 'पास' दिसलं म्हणून विश्वास टाकू नका.

म्हणून नजर डोमेनवर ठेवायची. पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. @ च्या पुढचा भाग वाचा. लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे उलटं वाचत जा. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' नंतर तिरकी रेघ आली तर पत्ता विभागाचा. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-अमुक डॉट टॉप' असं असेल तर मालक शेवटचा, म्हणजे 'रिफंड-अमुक डॉट टॉप'. त्याच्या डावीकडचं सगळं सजावट. 'इन्कमटॅक्स-गव्ह-इन डॉट कॉम' हाही खोटा, कारण टिंबांच्या जागी आडव्या रेघा आहेत. 'गव्ह डॉट इन' सरकारी संस्थांनाच मिळतं, 'डॉट कॉम' कोणालाही. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव डोमेन आणलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर यायला सांगितलं, त्यामुळे बँकेचा पत्ता तपासणंही आता सोपं झालंय.

फोनवर लिंक न उघडता बोट दाबून धरलं की पूर्ण पत्ता दिसतो. 'मूळ संदेश दाखवा' ही सोय मात्र जीमेलच्या फोन अ‍ॅपमध्ये नाही, त्यासाठी संगणकावरच्या ब्राउझरमधून जीमेल उघडावं लागतं.

पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तो पहारेकऱ्याचंही काम करतो. जतन केलेला पासवर्ड त्याच डोमेनवर आपोआप भरला जातो. पान हुबेहूब असूनही पासवर्ड भरला गेला नाही तर हाताने टाइप करू नका, आधी पत्ता वाचा. पासकीचंही (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन करायची सोय) तसंच, खोट्या डोमेनवर ती चालतच नाही. ओटीपी मात्र खोट्या पानावरही टाइप करता येतो, आणि तो मिळताच चोर पलीकडे खऱ्या साइटवर वापरतो.

---

रातराणी

स्पॅमचं मी सांगते.

नुसता डिलीट करू नका, 'स्पॅम कळवा' दाबा. फिल्टर त्यातूनच शिकतो. मेलच्या तळाशी असलेलं 'अनसबस्क्राइब' फक्त तुम्ही स्वतः नाव नोंदवलेल्या कंपन्यांसाठी वापरा. अनोळखी मेलमध्ये ते दाबलं की 'हा पत्ता चालू आहे, माणूस वाचतो' एवढं पक्कं होतं आणि स्पॅम वाढतो. सेटिंग्जमध्ये 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' हा पर्याय निवडा. मेल उघडला की नाही ते कळण्यासाठी न दिसणारं एक चित्र घातलेलं असतं. स्पॅम फोल्डर ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, तर आठवड्यातून एकदा नजर टाका, कामाचा मेल तिथे गेलेला असू शकतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाबांचा जीमेल पासवर्ड त्या फॉर्मात दिला नसला तरी सेटिंग्ज तपासा, कारण बँकेचे आणि कराचे सगळे मेल तिथेच येतात. 'फॉरवर्डिंग' टॅबमध्ये अनोळखी पत्ता नको. 'फिल्टर' टॅबमध्ये बँकेचे मेल थेट कचऱ्यात टाकणारा नियम नको. चोर असे नियम करून ठेवतात आणि पासवर्ड बदलला तरी ते तसेच राहतात. मग गुगल खात्याच्या 'सुरक्षा' भागात चालू डिव्हाइस बघा, ओळखीचं नाही ते साइन आउट करा, रिकव्हरी मोबाइल आणि ईमेल बाबांचाच आहे ना ते बघा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

ती एचटीएमएल फाइल लॅपटॉपवरून काढून टाका. मेल एवढ्यात डिलीट करू नका, तक्रारीला लागेल.

---

केतकी_

सेटिंग्ज तपासल्या, फॉरवर्डिंग आणि फिल्टर दोन्ही रिकामे आहेत. पैसे गेलेले नाहीत, तरी तक्रार करायची का? कुठे?

---

जमाखर्च

करा. मेल आयकर विभागाच्या वेबमॅनेजर पत्त्यावर (वेबमॅनेजर @ इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन) पाठवा आणि प्रत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या इन्सिडेंट पत्त्याला (इन्सिडेंट @ सर्ट-इन डॉट ऑर्ग डॉट इन). साधा फॉरवर्ड केला तर मूळ हेडर (मेल कुठून, कसा आला याचा तपशील) निघून जातात, म्हणून जीमेलच्या तीन टिंबांतून 'अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करा' निवडा.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) पैसे न जाताही नोंद करता येते. पैसे गेल्याचं दिसलं तर मात्र फॉर्म भरत बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (यूपीआयचा १२ आकडी असतो) हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून पुढच्या खात्यात भराभर सरकवला जातो, तो काढून घेण्याआधीच वाटेत गोठवता येतो.

---

कळफलक

येत्या काही दिवसांत बाबांना फोन येण्याची शक्यता मोठी आहे. मोबाइल नंबर त्यांच्याकडे गेलाय, खातं कोणत्या बँकेत आहे तेही कळलंय. बोलणारा म्हणेल, 'बँकेच्या फसवणूक विभागातून बोलतोय, तुमच्या कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांवर संशयास्पद व्यवहार झालाय, रद्द करायला आलेला ओटीपी सांगा.' आकडे बरोबर असतील, कारण ते त्याच फॉर्मातले. किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'कार्ड पुन्हा चालू करा' म्हणून एपीके फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप टाकायची फाइल) येईल. ती टाकली की फोनमधले ओटीपी परस्पर वाचले जातात.

बाबांना आजच सांगून ठेवा की फोन कापायचा आणि कार्डाच्या मागचा नंबर स्वतः लावायचा. जुनं कार्ड बंद झालं म्हणून टाकून देऊ नका, नवीन येईपर्यंत तो नंबर त्यावरच आहे. नवीन कार्ड आलं की अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवा, ऑनलाइनची मर्यादा गरजेपुरती, दोन-तीन हजार ठेवा आणि एटीएमची पेन्शनच्या हिशेबाने.

---

केतकी_

एपीकेचं आणि फोनचं बाबांना सांगितलं. बँकेचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावलाय. नवीन कार्ड सात दिवसांत येईल म्हणाले, आलं की मर्यादा तशाच ठेवते. सगळ्यांचे आभार.