शाळेत मन कशाने लागलं, कशाने उडालं? तुमचे अनुभव सांगा

काजूबी :
शिमग्याला गावी गेलेले, कुडाळ तालुका. पालखी शाळेवरूनच जाते. बघते तर शाळेला कुलूप, पडवीत कोणीतरी लाकडं रचून ठेवलेली, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा मात्र तसाच. पट संपला म्हणे, शिकायला मूलच उरलं नाही. रात्रभर झोप नाही.

पहिलीत मी वर्षभर तोंडच उघडलं नव्हतं. घरात मालवणी आणि बाई घाटावरच्या. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "बाई, पाणी पिऊक जाव?" तर म्हणाल्या आधी नीट बोलायला शीक. मग विचारणंच सोडलं, तहान लागली तरी गप्प. घरी निरोप गेला की मुलगी मंद आहे. दुसरीत नवीन बाई आल्या. सतरंजीवर माझ्या बाजूला बसून म्हणाल्या, "काय गो, घराकडे कोंबयो किती?" मी म्हटलं, "पाच. एक अंड्यार बसली हा." "मगे परड्यात फिरतत किती?" "चार." त्यांनी माझ्याच पाटीवर लिहिलं ५ - १ = ४. वजाबाकी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी मंद नाही हेही. आज मुलाच्या अभ्यासाला बसले की त्याच बाई आठवतात. तुमचं कशामुळे जमलं किंवा अडलं ते लिहा ना.

व्हाळापलीकडचा :
आमच्याकडे भाषा नव्हे, व्हाळ म्हणजे ओढा आडवा आला. राजापूर. शिक्षणहक्क कायदा २०१० ला लागू झाला, त्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. आमची शाळा त्याच्याही आतच की! पण मधे व्हाळ आणि त्यावरचा साकव म्हणजे छोटा पूल लाकडी, तो पहिल्या मोठ्या पावसात वाहून जायचा, मग अख्खा जुलै आम्ही पोरं घरात. नेमकी मुळाक्षरं चालायची तेव्हाच. धाकट्या भावाचं वाचन त्यात कच्चं राहिलं ते चौथीपर्यंत भरलंच नाही, दरवर्षी पुस्तक पुढचं आणि तो मागे. तो आता मुंबईला आहे, चांगलं चाललंय त्याचं, पण फॉर्म भरायचा झाला की अजून मला फोन करतो.

काजूबी :
अरे देवा. वाईट वाटलं रे वाचून.

झेडपी_गुरुजी :
घाईत लिहितोय, उद्या केंद्रप्रमुख, म्हणजे शाळा तपासणारे साहेब यायचेत. दोनशिक्षकी शाळा, मी पहिली-दुसरी बघतो, सोबतचे सर तिसरी-चौथी, आणि एकजण मीटिंगला गेला की चारही वर्ग एकाकडे. एक सांगतो. तिसरीतली मुलगी, फळ्यावरचं उतरवताना दर ओळीला शेजारणीच्या वहीत बघायची. आम्ही दोघंही तिला नक्कल करू नको म्हणून ओरडायचो. एकदा पावसामुळे अंधार झाला म्हणून मी सगळ्यांना फळ्याच्या अगदी जवळ बसवलं आणि त्या दिवशी तिने मान वळवलीच नाही. सरळ उतरवत गेली, एकही चूक नाही. मी खडू खाली ठेवला. डोळे तपासले तर मोठा नंबर निघाला. चष्मा आला त्या दिवशी शाळेतून बाहेर बघत म्हणाली, "सर, माडाला झावळ्या वेगवेगळ्या असतात." तोवर तिला माड म्हणजे एक हिरवा गोळा दिसत होता. दोन वर्षं आम्ही तिला ओरडत होतो. पालकांनो, मूल अभ्यासात मागे आहे म्हणण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, हात जोडून सांगतो.

समुद्राची_लेक :
गुरुजी, डोळ्यात पाणी आलं

अलिबागकर_आजी :
आमच्या नातवाला पण पहिलीतच चष्मा लागला. गाजर देते रोज. मोबाईल बंद केलाय मी घरात.

हर्णैवाला :
माझं उलटं होतं. बाबा बोटीवर, आई मासळीच्या लिलावात. तिच्यासोबत बसून बसून टोपलीमागे किती पैसे सुटतात ते मी तोंडी सांगायचो, व्यापाऱ्याच्या आधी. आणि शाळेत तेच गणित वहीत आलं की भोपळा. हातचा म्हणजे काय तेच समजेना. एका सरांनी लिलावाचा हिशेब तोंडी म्हणायला लावला आणि माझ्या तोंडचे आकडे फळ्यावर मांडत गेले, मग पेटला दिवा. जून-जुलै मासेमारी बंद असायची, बाबा घरी, पैशाची ओढाताण, तरी तेच दोन महिने माझी हजेरी पूर्ण. बाबा स्वतः शाळेत सोडायचे ना.

रत्नागिरी_आई :
आमच्या इथे बागेत राखणीला नेपाळची कुटुंबं येतात, आंब्याचा सीझन संपला की जातात. मुलाच्या वर्गात असाच एक होता. मराठीचा म नाही पण लगोरी खेळून खेळून तीन महिन्यांत बोलायला लागला आणि वाचायला लागणार तोच परत गेला. पुढच्या वर्षी आला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. माझा मुलगा अजून विचारतो तो कितवीत असेल गं.

वाडीवरची_सेविका :
रायगडात आमच्या कातकरी वाडीचं तेच. दिवाळी झाली की वाडी रिकामी, आईबापामागे पोरं वीटभट्टीवर, ती पावसाच्या तोंडावर परत. जी आजीकडे राहतात ती टिकतात. ज्या घरात आजी नाही तिथे काय करायचं सांगा. थोरली मुलगी असेल तर ती भट्टीवर धाकट्याला सांभाळते, तिची शाळा तिथेच संपली.

बावनदी :
शाळेतली खिचडी विसरलात सगळे. आमच्या वेळी शिजवलेलं नव्हतं, ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. माझी आई पिशवी घेऊन यायची. नंतर २००१ ला सुप्रीम कोर्टाने शिजवूनच द्या सांगितलं. धाकटी बहीण त्या खिचडीवर वाढली, शाळेचा एकही दिवस चुकवायची नाही.

श्रीवर्धन_माहेर :
३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या इथेच धडकलं. भाचीच्या शाळेचे पत्रे वाडीत येऊन पडले, पुस्तकं भिजून लगदा. त्यात लॉकडाऊन, लाईट नाही, रेंज नाही आणि म्हणे ऑनलाईन शिका. ती पहिलीत जाणार होती, शाळेत बसली थेट दुसरीत. अक्षरं आम्ही अंगणात काडीने गिरवून घेतली.

काजूबी :
सगळे लिहा, मी वाचतेय. भाकऱ्या टाकून येते.

समुद्राची_लेक :
काजूबी, तुमच्या दुसरीच्या बाई आता कुठे असतात?

काजूबी :
बदली झाली ती वेंगुर्ल्याकडे, पुढचं कळलं नाही. मे महिन्यात जाऊन शोधणारच आहे.

अलिबागकर_आजी :
वेंगुर्ल्याला जाशील तर सोलं (आमसुलं) आण गो माझ्यासाठी, इथली फिकी असतात.