मदत हवी आहे: इंग्रजीतलं 'गेट' (get) कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी, ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या काही काकूंना मी शनिवारी बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. सगळं छान चाललं होतं, 'गेट' आडवं येईपर्यंत. 'मिळणे' सांगून मोकळी झाले, तर लगेच प्रश्न: मग 'गेट अप', 'गेट ऑफ ॲट ठाणे', 'गेटिंग लेट', 'आय डोन्ट गेट इट' यात काय मिळतं? फळ्यावर 'रिसीव्ह', 'बिकम', 'अंडरस्टँड' लिहिलं खरं, पण 'गेट वेल सून'ऐवजी 'बिकम वेल' म्हणतं का कोणी? मग आपलं 'लागणे' काढलं: भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, ठेचही लागते. त्यावर एक काकू म्हणाल्या, "अगं, ते कुठे पाठ केलं आपण!" बिनतोड. ('सेट'ला तर ऑक्सफर्डच्या १९८९ च्या मोठ्या कोशात ४०० हून जास्त अर्थ आहेत, तिकडे मी फिरकणारच नाही.)

तर अर्थ एकेक करून द्यावेत, की स्टेशन, दवाखाना, बाजार असे प्रसंग धरून वाक्यंच घोटून घ्यावीत? आणि असे वाक्प्रयोग मराठी अर्थासकट देणारा कोश कोणी वापरलाय का? ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चाळायला मिळाला तर उत्तमच. ॲप नको, आणि टाइप मोठा हवा. निम्म्या जणी चष्मा घरीच विसरतात.