दोन पानांत पुस्तक मिटते, वाचून कसं दाखवू?

पिल्लूची_आई:
मुलगी २० महिन्यांची आहे. मांडीवर घेऊन पुस्तक उघडलं की दोन पानं होतात न होतात तोच ते फटकन मिटते आणि पळते. त्यातही रोज तेच मांजराचं पुस्तक, दुसरं काढलं की भोकाड! गाणी मात्र कितीही म्हणा. नुसत्या गाण्यांचा पुढे वाचायला शिकताना उपयोग होतो का, की बसवायची सवय लावू?

बालवाडीताई:
बसवू नका हो! या वयाला दोन पानं पुष्कळ झाली. ती पळाली तरी तुम्ही वाचत राहा, खेळताखेळता कान इकडेच असतो. आणि मांजराचं पुस्तक खुशाल रोज वाचा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला होता. तीच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकणाऱ्यांनी नवे शब्द जास्त चांगले पकडले.

सगळा मजकूर वाचायलाच हवा असं नाही. चित्रावर बोट ठेवा, "हे काय करतंय?" विचारा आणि गप्प राहा. आपल्याला धीर नसतो, लगेच उत्तर देऊन टाकतो. ती "माऊ" म्हणाली की तुम्ही "हो, माऊ झोपली" म्हणा. तिच्या एका शब्दाला तुमचा एक जोडायचा.

गाण्यांचा उपयोग तर नक्कीच होतो. बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात, तालावर म्हटले की "मां-ज-र" असे सुटे ऐकू येतात. पुढे अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना हाच कान कामाला येतो. ओळीचा शेवटचा शब्द गिळा आणि तिच्याकडे बघा. आमच्या वर्गात एरवी तोंड न उघडणारी मुलंसुद्धा तो शब्द ओरडून पुरा करतात, मला फार आवडतं ते!

रात्रपाळीवाला_बाबा:
मोबाइलवर गाणी लावली तर चालेल ना? माझा आवाज अगदीच बेसूर आहे.

बालवाडीताई:
तुमचाच आवाज हवा, बेसूर असला तरी. मोबाइल तिच्या शब्दासाठी थांबत नाही, तिच्या तोंडाकडे बघून वेग कमी करत नाही. अंघोळीच्या वेळी "हात धू, पाय धू" एवढंच चालीवर म्हणा. ते रोज त्याच वेळी येतं, म्हणून पटकन पाठ होतं.

पिल्लूची_आई:
आज मांजराच्या पानावर मी "माऊ कुठे..." म्हणून थांबले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग "गेई!" ताई, "गेई" म्हणजे "गेली" धरू ना? लगेच दुरुस्त करू का?

बालवाडीताई:
अर्थात "गेली"! चूक दाखवू नका, "हो, माऊ गेली" म्हणा आणि पान उलटायला तिलाच द्या.