पझलची बॉर्डर लागत नाहीये, तुकडे गायब आहेत. मदत हवी आहे

भिंगरी
तीन रात्री झाल्या, बॉर्डर लागत नाही म्हणजे नाही. वरच्या बाजूला उजव्या कोपऱ्याजवळ दोन तुकड्यांएवढी फट राहिलीय आणि कडेचा एकही तुकडा शिल्लक नाही. चित्र खेळण्यांच्या कपाटाचं आहे. भोवरे, गोट्या, पत्र्याचा रोबो, चावीची आगगाडी, अस्वलं, सगळं भडक. खाली आगगाडी आणि अस्वल यांच्यामध्येही एक भोक आहे, तिथे लाल तुकडा हवाय, तोही सापडत नाही. म्हणजे एकूण तीन गायब. कारखान्यातूनच कमी आले असणार ना? कंपनीला तक्रार कशी लिहितात? लवकर सांगा, टेबल अडकून पडलंय.

कोपऱ्यातला
किती तुकड्यांचं आहे? सगळे उलथेपालथे करून पाहिलेत का? डबा नवा होता की कोणाकडून आलाय?

सोफ्याखाली
सोफ्याखाली बघा. मग स्वतःच्या कोपराला चिकटलाय का ते बघा. मग झाडू मारणाऱ्याला विचारा. माझे आजवर हरवलेले सगळे तुकडे या तीनच ठिकाणी सापडलेत.

भिंगरी
सोफा हलवून झाला. डबा नवाच आहे, पिशवी मी स्वतः फोडली.

कोपऱ्यातला
किती तुकड्यांचं ते राहिलंच.

भिंगरी
अहो, १००० चं. सगळे १००० चीच करतात ना.

झपाझप
मुळात बॉर्डर आधी लावायचीच कशाला? शाळेत शिकवल्यासारखं सगळे तेच करतात. खेळण्यांच्या चित्रात रंगाचे ढीग आपोआप पडतात. आधी रोबो, मग आगगाडी, फळ्या शेवटी. स्पेनमध्ये वायादोलिदला जागतिक स्पर्धा होते, तिथे एकेकटा माणूस ५०० तुकड्यांचं चित्र पाऊण तासाच्या आत लावून मोकळा होतो.

निवांत_बैठक
स्पर्धेत पळायचं असेल तर पळा. आम्ही छंद म्हणून लावतो, घड्याळ लावून नाही. आणि रंगावर भरवसा ठेवूच नका. भडक चित्रात लाल म्हणजे भोवराही, आगगाडीही आणि अस्वलाची टायही. आकाराने वेगळे करा: दोन टोकांचे, तीन टोकांचे, चारी बाजूंना खाचा असलेले.

झपाझप
१००० तुकडे आकाराने वेगळे करणार? तोवर माझं चित्र भिंतीवर लागलेलं असेल.

चौकटराजा
भिंतीवरून आठवलं. पातळ गोंद पुढून लावण्यापेक्षा मागून लावा. पुढून लावला की चकाकी येते आणि ट्यूबलाइट थेट अस्वलाच्या डोळ्यात दिसते. खाली मेणकागद घालायला विसरू नका, एकदा अख्खं पझल टेबलासकट फ्रेम करायची वेळ आली होती.

भिंगरी
लागलंच नाहीये तर चिकटवू काय?

जुनी_पेटी
सोप्या पझलची सवय झालीय आपल्याला. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल शिकवायला. 'जिगसॉ' हे नाव तर फार नंतरचं.

भिंगरी
छान माहिती. माझी फट भरली नाही.

मोजपट्टी
ताई, तक्रार लिहू नका. आधी चारही बाजूंचे तुकडे कोपऱ्यांसकट मोजा आणि इथे लिहा.

भिंगरी
डावी २७, उजवी २७, खालची ३९, वरची फटीशिवाय ३७. याने काय होणार आहे?

मोजपट्टी
बेरीज १३०. चार कोपरे दोनदा मोजले गेले, म्हणून १२६. समोरासमोरच्या बाजू सारख्याच असायला हव्यात. वर ३८, खाली ३८ केलं तर तेवढेच १२६ होतात. म्हणजे काहीही हरवलेलं नाही. वरचा एक तुकडा खाली जाऊन बसलाय. त्यामुळे खालची बाजू एकाने लांबली, वरची एकाने आखडली आणि तुम्हाला फट दोनाची दिसतेय.

शंकेखोर
३८ गुणिले २७ म्हणजे १०२६. ताई १००० म्हणाल्या. तुमचं गणित तिथेच संपलं.

मोजपट्टी
डब्यावरचा आकडा ढोबळ असतो हो. साच्यात पुरते १००० कापले जातातच असं नाही, १०२६ ची पझलं कितीतरी आहेत.

शंकेखोर
माझ्याकडचं ४० बाय २५ आहे, चोख १०००. त्याच्याही कडेला १२६ च तुकडे आहेत. आता बोला.

मोजपट्टी
बोलतो की. तुमची उभी बाजू २५ आहे, यांची २७. आणि खरंच दोन हरवले असते तर वरखाली ३९ धरून एकूण १०५३ व्हायला हवेत. ताई, डब्यावर तयार चित्राचं माप छापलंय ना? खालच्या बाजूला टेप लावा.

कोपऱ्यातला
हे मलाही सुचलं नव्हतं. वाचतोय.

भिंगरी
डब्यावर ६८ × ४८ सेंमी आहे. माझी खालची बाजू ७० ला जेमतेम कमी.

मोजपट्टी
६८ भागिले ३८ म्हणजे एक तुकडा साधारण १.८ सेंमीचा. बरोबर तेवढंच जास्त भरतंय. आता सांगा, वरची आणि खालची फळी एकाच रंगाची आहे का?

भिंगरी
हो, दोन्ही त्याच तपकिरी लाकडाच्या. हे सांगायचं राहिलं, मला वाटलं कपाट म्हटल्यावर कळेलच.

निवांत_बैठक
कपाट म्हटल्यावर कपाट कळतं ताई, फळीचा रंग नाही. :)

मोजपट्टी
मग आगगाडी-अस्वलामधलं ते भोक बघा. तिथला लाल तुकडा शोधू नका, तो अस्तित्वातच नाही. खालची ओळ मध्येच एकाने लांबली म्हणून वरचे दोन भाग एका तुकड्याएवढे दूर राहिलेत. भोकाच्या बरोब्बर खालचा कडेचा तुकडा उचला. घोळ त्याचाच असणार.

झपाझप
फोटो टाकला असता तर दहा मिनिटांत झालं असतं.

सोफ्याखाली
उचलताना हलकेच ओढून बघा. खरा जोड थोडा धरून ठेवतो. खोटा बसतो छान, पण खालून नख लावलं की लगेच सुटतो. आणि अस्वलाची बाजू सरकवण्याआधी तिच्याखाली जाड पुठ्ठा सरकवा, मी नुसती ढकलून अख्खा रोबो मोडला होता.

भिंगरी
निघाला!! नुसतं बोट लावलं आणि सुटला. डोळ्याजवळ धरला तर लाकडाच्या रेघा उलट्या दिशेला जाताहेत, आणि एका कोपऱ्यात पतंगाच्या शेपटीचा निळा ठिपका आहे, तांदळाएवढा. पतंग वरच्या फळीला टांगलाय. तीन रात्री तो ठिपका मी धूळ समजत होते. पुठ्ठ्यावरून अस्वल सरकवलं, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला जाऊन खट्ट लागलं. वर एकच फट उरली, त्यात हा बसला.
मोजपट्टीदादा, आभार. कंपनीला लिहिलेला मेल अजून ड्राफ्टमध्येच होता, पुसला.

शंकेखोर
आतले तुकडे मोजलेत का? १०२६ आहेत हे अजून सिद्ध झालेलं नाही.

भिंगरी
तुम्हीच या मोजायला. गोट्यांची बरणी अख्खी बाकी आहे आणि प्रत्येक गोटीत प्रत्येक रंग आहे.

निवांत_बैठक
बरणीला आकाराने वेगळे करा, म्हटलं होतं ना.

झपाझप
रंगाने.

चौकटराजा
मग गोंद मागूनच ठरला ना?