विलंबित ख्याल रटाळ, की आपल्या गप्पा?

रामबागकर:
परवा इंदूरला एका मैफलीत विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतलं रागगायन, रंगात येईपर्यंत मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. चहाच्या टपरीवर तीच मंडळी म्हणत होती, "फार रटाळ बुवा." आणि स्वतः काय बोलत होती? छप्पन दुकान आणि सराफ्यातलं खाणं, २०१७ पासून स्वच्छतेत आपलाच नंबर. दर भेटीत हेच! मला रटाळ वाटतं ते हे. पुढचं वाक्य आधीच ठाऊक असलं की माणूस कंटाळतो, लय संथ आहे म्हणून नाही. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) याच शहरात वाढले. त्यांचा मारवा राग ऐका. पंचम (प) रागात नाहीच, षड्जही (सा) सहजासहजी हाती लागत नाही. कोमल रिषभावर (रे) ते रेंगाळतात आणि आता तरी सा येईल म्हणून आपण जीव कानात आणून बसतो. यात रटाळ काय आहे?

सुदामानगरी:
ताई, नाही पटलं. सा येणार हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून वाट बघण्यात गोडी. ज्याला ते ठाऊकच नाही त्याने कशाची वाट बघायची? म्हणजे पुढचं माहीत असणं हा दोष नव्हेच. आमची आजी तीच गोष्ट शंभरदा सांगायची आणि आम्ही "पुन्हा सांग" म्हणून मागे लागायचो. शिवाय गाणाऱ्यालाही बोल लावा की. खाँसाहेबांची अतिविलंबित लय उचलली, पण त्यामागची मेरुखंडाची मेहनत, म्हणजे त्याच मोजक्या सुरांचे सगळे पालट घोटून घेणं, ते नाही. असं गाणं पुष्कळ ऐकलंय. तालाच्या दोन मात्रांमध्ये भरायला काही नसेल तर श्रोता उठणारच.

लष्कर-ग्वाल्हेर:
आमच्या ग्वाल्हेर घराण्यात अस्थाई-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, आधी नीट भरून मांडतात, लयही फार खाली नेत नाहीत. मग आलाप, बोल-ताना (बंदिशीच्या शब्दांवरच्या ताना), ताना. आमच्याच घराण्याच्या कृष्णराव शंकर पंडितांची (१८९३–१९८९) ध्वनिमुद्रणं ऐका, नवख्यालाही वाट सापडते.

रामबागकर:
आजीचा मुद्दा बिनतोड आहे. पण दादा, आजी तुमच्या तोंडाकडे बघून सांगायची ना? कुठे डोळे मोठे झाले, तिथे थांबायची, राक्षस आणखी जवळ आणायची. सराफ्याच्या गप्पा मारणाऱ्याला समोर मी आहे की खांब, याने काही फरक पडत नाही. माझी तक्रार ती आहे. मैफलीतल्या गायकाचं मात्र सगळं लक्ष लोकांकडे होतं, मी पुढेच बसले होते.

सुदामानगरी:
पुढच्या रांगेकडे असेल, आम्ही मागे होतो. त्याआधी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार, पाहुण्यांचं मनोगत. गायक बसेपर्यंत कान किटले होते. त्यात बंदिशीचे शब्द कळेनात. सुरुवातीला दोन ओळी नुसत्या म्हणून दाखवल्या असत्या, तर मी तरी उठलो नसतो.

रामबागकर:
भाषणांबद्दल शंभर टक्के सहमत. शब्द समजावण्याबद्दल नाही. मारव्यातली ती हुरहूर शब्दांआधी सुरांतून लागते. पुढच्या वेळी माझ्या शेजारी बसा.