मदत हवी आहे: गुडघे दुखणाऱ्या दोघींना घेऊन मालवणला जायचंय, सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या विहिरीपर्यंत पोचता येईल का?

नमस्कार. धामणगाव रेल्वेपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यातून लिहितेय. घरी कापूस, तूर आणि थोडा हरभरा आहे. जानेवारीच्या शेवटी तूर घरात आली की हरभरा सोंगायला येईपर्यंत आठ-दहा दिवस हात मोकळे असतात. वर्षात आम्हाला बाहेर पडता येतं ते तेवढ्याच दिवसांत. या वर्षी ते दिवस मालवणसाठी ठेवलेत.

जाणार चौघं: मी, पंधरा वर्षांचा मुलगा, माझी आई आणि सासूबाई. मिस्टर येणार नाहीत, घरी ढोरं आहेत. आई 68 वर्षांची, माळकरी. सासूबाई 70 च्या, त्यांना मासोळी जीव की प्राण. आईला नेतेय म्हटल्यावर त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मलेई नेजो वं." दोघींनी अजून समुद्र पाहिलेला नाही आणि दोघींचेही गुडघे दुखतात. सपाटीवर हळूहळू चालतात, पायऱ्या चढताना हात द्यावा लागतो.

मालवणच का, हे थोडं सविस्तर सांगते.

आईचं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारट आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण विहीर खणली की खारं पाणी लागतं. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. प्यायचं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं आणि ते काम घरातल्या पोरींचं. लग्न होऊन आई इकडे आली तेव्हा पहिल्या दिवशी विहिरीवर ओंजळीने पाणी प्यायली आणि परत परत पीतच राहिली, असं माझी आजी सांगायची.

मी चौथीत होते तेव्हा बाईंनी वर्गात सिंधुदुर्गाबद्दल सांगितलं होतं. संध्याकाळी चुलीजवळ बसून ते मी आईला जसंच्या तसं सांगितलं. आईला वाचता येत नाही, म्हणून शाळेतलं सगळं तिला सांगायची मला सवयच होती. कुरटे बेट, 1664 साली सुरू होऊन 1667 ला पुरं झालेलं काम, आणि चारही बाजूंनी समुद्र असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तव्यावरची भाकर तशीच ठेवून आईने विचारलं, "कावं बाई, समुद्रात विहीर अन् पानी गोळ? अन् आमच्या गावात समुद्र नाई, त विहीर खारट?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही. टीव्हीवर तो किल्ला दिसला की आई अजून तेच विचारते. आता तिच्या माहेरी नळाला धरणाचं पाणी येतं, तरी प्रश्न तोच. तिला त्या विहिरीचं पाणी एकदा तोंडात घालायचंय. बाकी काही पाहायचं राहिलं तरी तिला चालेल.

तर मला कळायला हवं ते असं. धक्क्यावरून होडीत चढणं-उतरणं या दोघींना जमेल का? आत विहिरीपर्यंत किती चढउतार आहे? आईला मासोळीचा वासही सहन होत नाही, तिच्या जेवणाचं काय करायचं? पाण्यात पाय घालायला निवांत जागा कोणती? मुलाला स्कूबा करायचंय. आणि धामणगावहून गाडी न बदलता जाता येईल का? चार दिवस पुरतील ना?

प्रतिसाद, मालवणहून

ताई, आईंना नक्की घेऊन या. होडीची काळजी बरोबर आहे, पण त्यावर उपाय वेळेचा आहे. भरतीला होडी धक्क्याच्या बरोबरीने वर येते, ओहोटीला खाली जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली पाय टाकून उतरणं अवघड, म्हणून भरतीच्या सुमाराला निघायचं. आमच्याकडे हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे. तुमच्या आई माळकरी आहेत, तिथी त्यांना तोंडपाठ असेल, हिशोब त्याच करतील. मला विचाराल तर त्रयोदशी घ्या. सकाळी ऊन कमी, गर्दी कमी आणि पाणी वर.

होडीवाल्याला आधीच सांगा की म्हाताऱ्या माणसांना हात द्यायचाय. लाइफ जॅकेट घालाच. होडी किल्ल्यावर सोडून साधारण तासाभराने परत घेते, तो तास तुम्हाला कमी पडेल. दोघी हळू चालणार म्हणून उशिराच्या होडीने परत यायचं आधीच बोलून ठेवा.

दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, गोमुखी बांधणीचा आहे. मुलाला होडीतूनच शोधायला सांगा. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला ठसा आहे, पुढे राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. तटावर चढायची जबरदस्ती करू नका, मुलगा एकटा जाऊन येईल. वाट दगडांची आहे, चपला घट्ट पट्ट्याच्या हव्यात. किल्ल्यात आजही माणसं राहतात. विहिरीवर बादली दिसली नाही तर तिथल्या घरात जाऊन आईंची गोष्ट सांगा. मला वाटतं कोणी नाही म्हणणार नाही.

प्रतिसाद, अकोल्याहून

मी खारपाणपट्ट्यातलाच, भूजलाचं थोडं शिक्षण झालंय. तुमच्या आईंचा प्रश्न फार मोलाचा आहे, त्यांना असं सांगून बघा.

कोकणात पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास. बेटावर पडलेलं पाणी जमिनीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाली समुद्राच्या पाण्यात न मिसळता त्याच्या वर थर धरून राहतं. दुधावर साय राहते तसं. विहीर त्या सायीपुरती खोल असेल आणि उपसा बेताचा असेल तर पाणी गोडं राहतं. खूप खोल गेलात किंवा पंप लावून ओढलंत तर खालचं खारं वर येतं.

पूर्णेच्या खोऱ्यात उलटं. तिथे गाळाचे जाड थर, त्यांत क्षार साचलेले, चिकण माती पाण्याचा निचरा होऊ देत नाही. पाऊस कमी. क्षार धुऊन जायला वाटच नाही. तिथलं खारेपण मातीतच मुरलेलं आहे, बेटाभोवती मात्र ते बाहेर आहे.

प्रतिसाद, नागपूरहून

मी मागे आईला नेलं होतं. नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोन दिवस असते, धामणगावला थांबते आणि कुडाळला उतरवते. दुपारी निघून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचता. विशेष गाडी असल्याने तारखा बघूनच बेत आखा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दोघींचं तिकीट वेगळं काढा, तुमचं आणि मुलाचं वेगळं. ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ एका तिकिटावर एकटे किंवा दोघेच ज्येष्ठ असले तरच मिळतो. चौघांचं एकत्र काढलंत तर तो कोटा हातचा जातो. आम्ही ही चूक केली आणि आई रात्रभर बसून आली.

कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

जेवणाला घाबरू नका. गावात शाकाहारी खानावळी आहेत. घरगुती राहण्याची सोय घेतलीत तर आदल्या दिवशी सांगा: घावणे आणि चटणी, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी. माझ्या आईने सोलकढी तीन वाट्या प्यायली. सासूबाईंना बांगडा खाऊ घाला, नदीच्या मासोळीपेक्षा त्याला वास उग्र, पण तव्यावर भाजलेला आवडेल. फक्त दोघींची पंगत वेगळी बसवा.

पाय भिजवायला गावातला चिवला किनारा. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर, वाळू सुंदर, स्कूबा तिथेच, सकाळी केलं तर बरं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाण्याला ओढ असते, म्हाताऱ्या माणसांनी नुसतं बघावं. आणि कुठेही लाटेकडे पाठ करून उभं राहायचं नाही.

एक दिवस धामापूरच्या तलावाला द्या. 1530 सालचा आहे, अजूनही सिंचनाला उपयोगी. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ आहे. आपल्यासारख्या कास्तकाराच्या घरातल्या माणसांना तो बघायला खूप आवडेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सायीचं उदाहरण आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हंजे जास्त उपसलं का खारं व्हते." मग सासूबाईंना हाका मारून तेच समजावून सांगत बसली. दोघी अकरापर्यंत जाग्या होत्या.

पाऊणपटीचा हिशोब तिने बोटांवर केला. माघातली त्रयोदशी धरलीय. त्याच्या दोन दिवस आधीच्या एकादशीला ती गाडीत असेल, म्हणून राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे सोबत घेणार. धामापूर नक्की, तलावाचं ऐकून मिस्टरांनाही यावंसं वाटतंय, पण ढोरांचं काय? तारकर्लीचा एक दिवस मुलाचा.

आईने एक स्टीलची छोटी बाटली घासून ठेवलीय. दूधबावचं पाणी त्यात भरून माहेरी तिच्या वहिनीला नेऊन द्यायचंय. ती वहिनी 80 ची आहे, दोघींनी मिळून पाणी वाहिलं होतं.

आता एकच राहिलं. गाडीला उशीर होऊन कुडाळला संध्याकाळ झाली, तर मालवणला जाणारी शेवटची एसटी किती वाजता आहे? आणि ती स्टेशनजवळून मिळते का, की कुडाळ स्टँडवर जावं लागतं? दोघींना घेऊन अंधारात फिरायचं नाहीये, म्हणून विचारतेय.